जुनी सायकल, नवी चाके



भाताची झोडणी उरकली. ज्यांच्या खाचरात ओल आहे त्यांनी हरभरा, मसूर, वाल टाकलाही असेल. कामाचा रेटा थोडा सैल झाला आहे, म्हणून आज खतबियाण्याचा विषय बाजूला ठेवतो आणि सायकलीविषयी बोलतो.

आपल्या मावळात असे घर विरळाच, जिथे माळ्यावर किंवा गोठ्याच्या भिंतीला वडिलांची किंवा आजोबांची काळी सायकल टांगलेली नाही. सांगाडा लोखंडी, दणकट. रंग उडालेला, पण मोडलेला नाही. चाके मात्र गंजून चाळण झालेली. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आपण लहानपणी एकच शिकलो : फिरवले नाही म्हणून. सायकलीचेही तेच. आता घरातली तरुण मुले ती खाली काढतात. कुणाला दूध डेअरीवर न्यायचे असते, कुणाला सामान बांधून पंढरपूर गाठायचे असते. ती विचारतात, "साहेब, हिला नवी हलकी चाके बसतील का?"

बसतात. पण कशी बसवावीत हे मी एकदा चुकून, पडून शिकलो आहे. ती हकीकत आधी सांगतो.

माझ्या वडिलांनी १९६५ साली सायकल घेतली. आमचे गाव पवन मावळात. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, खाली पेणला दिली होती. दरवर्षी भात भरडून झाले की वडील पंचवीस-तीस किलो नवा तांदूळ सायकलीला बांधायचे, दुधिवऱ्याच्या खिंडीतून लोणावळ्याला यायचे, बोरघाट उतरून खोपोलीमार्गे पेण गाठायचे. आधी आंबेमोहोर न्यायचे. १९८७ साली आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी निघाला, मग इंद्रायणी नेऊ लागले. येताना सायकल एस.टी.च्या टपावर टाकून यायचे. त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा हा नेम बंद पडला, आणि पुढे तेही गेले. सायकल गोठ्यात राहिली.

माझा धाकटा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने सायकल खाली काढली आणि म्हणाला, "बाबा, यंदा आत्याआजीचा तांदूळ मी नेणार. ह्याच सायकलीवर."

आत्या आता नव्वदीच्या घरात आहे. मला बरे वाटले. त्याच्या आईला मात्र वाटले नाही. "घाटात किती गाड्या असतात, ठाऊक आहे ना?" एवढेच ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

मी सायकल एका दुकानात नेली. गावाचे नाव नको. दुकानदाराने जुनी चाके काढली आणि ॲल्युमिनियमच्या रिंगची नवी चाके घातली. मागचा ब्रेक जुळेना, तो त्याने काढून टाकला. पुढच्या ब्रेकचे रबर कानशीने घासून, पट्टी वाकवून कसेबसे टेकवले. "एक ब्रेक बास होतो," म्हणाला. मी मान डोलावली. सायकल पाण्यासारखी पळत होती, आणि मी खूश होतो.

स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मुलाच्या हातात द्यायची नाही, एवढी अक्कल मला होती. श्रावणात एका रविवारी तांदळाच्या बारा-बारा किलोच्या दोन पिशव्या दोन बाजूंना बांधल्या आणि दुधिवऱ्याच्या खिंडीकडे निघालो. चढ हातात धरून चढलो. उतारावर बसलो. वर बुरबुर पाऊस होता. पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबला तर रबर ओल्या रिंगवरून साबणाच्या वडीसारखे घसरले. वेग कमी होण्याऐवजी वाढू लागला. समोरून जीप येत होती. मी सायकल रस्त्याकडेच्या चरात घातली. गुडघा सोलला, मनगट मुरगळले, एक पिशवी फुटून तांदूळ चरातल्या गढूळ पाण्यात गेला. जीपवाल्याने उतरून मला उठवले.

घरी आई गुडघ्याला हळद लावत होती. मी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत होतो. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझे बाबा घाटात कधी सायकलीवर बसले नाहीत रे. लोणावळा सोडलं की उतरायचे, ते खोपोली येईपर्यंत हातात धरून न्यायचे. ओझं असलं की ही थांबत नाही, म्हणायचे."

इतक्या वर्षांत ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. वडिलांना सायकलीचे बळ जेवढे माहीत होते तेवढीच तिची उणीवही माहीत होती. मी सायकल घेतली, चाके बदलली, आणि ती माहिती मात्र विचारलीच नाही. तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो की आधी माती तपासा, मग बी निवडा. स्वतःच्या सायकलीची मी फूटपट्टीने साधी मापेही घेतली नव्हती.

तेव्हा मंडळी, आजच्या लेखात लक्षात ठेवायची गोष्ट एकच. चाक बदलले की ब्रेकही बदलावा लागतो. आंबेमोहोर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून इंद्रायणी आला, तेव्हा तो जुन्याच खाचरात लावला गेला. पण खताची मात्रा आणि रोपांतले अंतर यांचा विचार नव्याने करावा लागला ना? तसेच हे. आता पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी : सांगाडा तपासा. चिमटा जिथे वर जुळतो ती जागा आणि चाकाचा आख जिथे बसतो ती टोके फडक्याने स्वच्छ पुसा. रंगात केसासारखी चीर दिसली, किंवा गंजाची रेघ उमटली असेल, तर तिथे रंग खरवडून पाहा. चीर लोखंडात असेल तर त्या सायकलीवर ओझे लादू नका. वेल्डिंगने झाकून तर मुळीच नको. चिमटा पुढून आणि बाजूने डोळ्यासमोर धरून वाकला आहे का तेही पाहा.

दुसरी पायरी : माप इंचात नको, मिलिमीटरमध्ये घ्या. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर २८ बाय दीड इंची म्हणून ओळखला जातो. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ४०-६३५ असा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो. दुसरा आकडा टायर रिंगवर जिथे बसतो तिथला व्यास सांगतो. आजच्या लांब पल्ल्याच्या सायकलींना बहुधा ६२२ ची रिंग असते. बाजारात तिला सातशे सी म्हणतात. गोंधळ असा की ६२२ च्या काही टायरांवरही २८ इंच असेच छापलेले असते. दुकानात नुसते "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणालात तर यातला कुठलाही हातात पडेल, आणि ६३५ चा टायर ६२२ च्या रिंगवर कधीही नीट बसणार नाही. टायर, ट्यूब, रिंग घेताना हा दुसरा आकडाच मागा.

६३५ आणि ६२२ यांत १३ मिलिमीटरचा फरक. म्हणजे रिंगची कड आखाकडे साडेसहा मिलिमीटर सरकली. जुन्या सांगाड्यात एवढे चाक आरामात मावते. पण ब्रेकच्या दृष्टीने साडेसहा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले.

तिसरी पायरी : ब्रेक समजून घ्या. जुना ब्रेक सळईचा. हँडलखालचा दांडा दाबला की सळई ओढली जाते, आणि नालेच्या आकाराची कमान सरकून तिची दोन रबरे रिंगच्या आतल्या अंगाला, स्पोकच्या बाजूने टेकतात. जुनी लोखंडी रिंग त्यासाठीच तशी घडवलेली असते. नव्या ॲल्युमिनियमच्या रिंगेला तशी आतली जागाच नाही. तिचा ब्रेक दोन्ही कडांना बाहेरून चिमटा घेतो. म्हणून जुन्या सळईचा ब्रेक नव्या रिंगला जुळवून घेऊ नये. माझ्या गुडघ्यावरचा व्रण त्याचीच साक्ष आहे.

आणखी एक. जुनी चकचकीत लोखंडी रिंग पावसात ओली झाली की रबर तिला धरत नाही. कोरड्या रस्त्यावर जी सायकल चार हातांवर थांबते ती ओली झाली की कितीतरी पुढे जाते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवायची आहे.

मग उपाय कोणते? मला तीन दिसतात.

(१) गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर, थोडे ओझे नेणार असाल तर नवी चाके हवीत कशाला? त्याच ६३५ मापाची नवी लोखंडी रिंग, नवे स्पोक आणि ब्रेकचे नवे रबर घाला. हे सामान आजही मिळते, स्वस्तात पडते, आणि सळईचा ब्रेक आहे तसा राहतो. पावसात सावकाश चालवा.

(२) ६२२ ची ॲल्युमिनियमची रिंग घालणार असाल तर लांब हातांचा कॅलिपर ब्रेक लावा. मडगार्ड बसवायच्या भोकापासून रिंगच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि तेवढा हात पोहोचेल असाच ब्रेक आणा. हात आखूड पडला तर रबर टायरवर घासून टायर कापेल. लांब पडला तर रबर रिंगखाली घसरून स्पोकमध्ये जाईल.

(३) घाट उतरायचा आणि मागे ओझे असेल, तर पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब उत्तम. मोटारसायकलीला असतो तसाच, छोटा. ब्रेक हबच्या डब्यात बंद असतो, म्हणून पाऊस-चिखलाशी त्याला फारसे देणेघेणे नाही, आणि रिंग कुठल्याही मापाची असली तरी चालते. त्याची एक पट्टी चिमट्याच्या पायाला घट्ट आवळावी लागते. ती सैल राहिली तर ब्रेक दाबताच हबची ताटली चाकाबरोबर फिरू पाहते. ही पट्टी दर प्रवासाआधी पान्याने तपासावी. आणि ड्रमचा जोर चिमट्याच्या त्या एकाच पायावर येतो, म्हणून पहिल्या पायरीतली चिमट्याची तपासणी इथे दुप्पट काळजीने करावी.

आम्ही पुढे ड्रम आणि मागे लांब हाताचा कॅलिपर असे केले. ब्रेक दोनच हवेत, आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसावेत.

चौथी पायरी : आखाची जागा. आमच्या जुन्या चिमट्याच्या दोन पायांत नव्वदच्या आसपास मिलिमीटर अंतर होते. नवा हब शंभरचा. लोखंडी चिमटा आटे पाडलेली सळई आणि दोन नट घालून हळूहळू फाकवता येतो. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. एकदम जोर लावू नये, आणि दोन्ही पाय सारखे फाकले पाहिजेत. आखाची खाच अरुंद असेल तर कानशीचा हलका हात. मागे मात्र आम्ही गिअरचा हब घातला नाही. तो १३० ते १३५ मिलिमीटरचा असतो आणि आमच्या सायकलीत जागा ११० च्या आसपास. एवढे फाकवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. जुन्या जागेत बसणारा साधाच हब घेतला.

सांगाडा सरळ आहे का, हे दोरीने कळते. मागच्या आखाच्या एका टोकाला दोरी बांधा, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर सारखे भरले पाहिजे. खाचराचा बांध धरताना आपण दोरी लावतो, तोच हा हिशेब.

पाचवी पायरी : स्पोक. जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. ओझे मागे असते, म्हणून मागे जास्त. करणाऱ्याने विचार करूनच केले होते. नव्या चाकाला दोन्हीकडे ३६ स्पोक घ्या. कमी स्पोकची शोभेची चाके ओझ्याला नकोत. स्पोक बोटाने छेडून पाहा. एका बाजूच्या साऱ्या तारांचा आवाज जवळजवळ सारखा आला पाहिजे. नवे चाक पहिले पन्नास किलोमीटर चालले की तारा बसतात आणि थोड्या सैल होतात. तेव्हा पुन्हा मिस्त्रीकडे नेऊन आऊट काढून घ्या. बहुतेक जण इथेच आळस करतात, आणि मग भर वाटेत स्पोक तुटतो.

सहावी पायरी : दाते. आमच्या सायकलीला पुढे ४८ आणि मागे १८ दाते होते. म्हणजे एका फेऱ्यात चाक अडीचाहून जास्त वेळा फिरायचे. सपाटीवर ठीक, चढावर छाती फुटते. मागची फ्री व्हील २२ दात्यांची घातली. आता चाक सव्वादोनपेक्षा थोडे कमी फिरते. वेग थोडा गेला, चढाचा जीव वाचला. चेन नवी लांबी बघून घ्यावी लागते, आणि पायडलची कॉटर पिन सैल असेल तर त्याच वेळी बदलावी.

सातवी पायरी : ओझे बांधणे. दोन्ही बाजूंना वजन सारखे. जड वस्तू खाली, हलकी वर. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांसारखी बांधणी दुसरी नाही, पण तिचे टोक लोंबकळत स्पोकमध्ये जाता कामा नये. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत ठेवा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त. ट्यूब मोटारसायकलीसारख्या व्हॉल्व्हची घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

सायकलवर बिऱ्हाड बांधून दूर जाणे आपल्या मुलखाला काही नवे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ साली परत आले. सायकली त्या काळच्या, जड लोखंडी. आणि ज्या हवेच्या टायरवर ते फिरले तो १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठी केला होता. वस्तू साधी असली तरी चालते. तिची मापे आणि निगा चोख हवी.

खर्चाचे खरे सांगतो. तिसऱ्या उपायाला आम्हाला साध्या नव्या सायकलीइतका पैसा गेला. फायद्या-तोट्याचा हिशेब मांडला तर नवीच घ्यावी असे निघेल. पण वडिलांच्या वस्तूचा हिशेब त्या वहीत बसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. काढलेली लोखंडी चाके मात्र फेकू नका. हब आणि छर्रे चांगले असतील तर हातगाडीला उपयोगी पडतात.

सळईच्या ब्रेकबरोबर जुने हँडलही काढावे लागले. आईने ते माजघरातल्या खुंटीला लावून ठेवले आहे. घंटी तेवढी नव्या हँडलवर आली.

गेल्या पंधरवड्यात भात भरडून झाले. पंचवीस किलो इंद्रायणी दोन बाजूंना बांधला. त्याच्या आईने स्वतः दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, सायकल पुढे ढकलून पाहिली, मग डबा दिला. मुलगा पहाटे लोणावळा सोडून जुन्या रस्त्याने निघाला. द्रुतगती महामार्गावर सायकलीला बंदी आहे, हे ध्यानात असू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, ड्रम तापला वाटले की थांबून निवू द्यायचा, हे त्याला बजावले होते.

दुपारी पेणहून त्याचा फोन आला. आईने आधी तोच प्रश्न विचारला, "ब्रेक लागले का रे?"

"लागले आजी. पण तीव्र उताराला मी उतरलोच. शिंग्रोबाला नारळ ठेवला आणि तिथनं खोपोलीपर्यंत हातात धरून आणली."

"कुणी सांगितलं तुला उतरायला?"

"तूच बाबांना सांगत होतीस की, हळद लावताना."

आत्याला आता फारसे दिसत नाही. अंगणात घंटी वाजली तेव्हा ती म्हणाली, "दादाची सायकल आली."

तर मंडळी, माळ्यावरची सायकल खाली काढा, पण आधी माप घ्या, आणि ती चालवणारे माणूस घरात असेल तर त्यांच्याजवळ बसून दोन गोष्टी विचारून घ्या. चाके बाजारात मिळतात, ती माहिती तिथे मिळत नाही.

जाता जाता कामाचे : भाताचा पेंढा सगळा विकून टाकू नका. जनावरांपुरता ठेवून उरलेला खाचरात परत जाऊ द्या. आणि बांधावर गिरिपुष्प नसेल तर पुढच्या पावसाळ्यात फाटे लावायचे आताच ठरवून ठेवा.

बरे तर, पुढच्या आठवड्यात भेटू. रामराम.